उभ्या गाडीचा खर्च

अण्णांच्या गाडीनं सकाळी सेल्फ घेतला नाही, ही बातमी गल्लीत सगळ्यात आधी शेजारच्या चौघांना कळली, कारण धक्का मारायला तेच लागले. दिवाळी होऊन गेली होती. कारखान्याचं गाळप सुरू झालेलं, शिरोळच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग, आणि त्या रांगेच्या कडेनं ढकलत नेलेली गाडी म्हणजे गावभर जाहिरात. दुसऱ्या गिअरला क्लच सोडल्यावर गाडी हिसका देऊन सुरू झाली. अण्णा खाली उतरले नाहीत. काचेतूनच हात केला आणि तसेच जयसिंगपूरला बॅटरीच्या दुकानात गेले.

"किती वर्षं झाली बॅटरीला?"

"तीन."

"मग संपली की वो."

दुकानदाराला एवढं पुरलं आणि अण्णांनाही. नवी बॅटरी बसली, जुनी वजनावर गेली, गाडी एका सेल्फमध्ये सुरू झाली. आणि आठवड्याच्या आत पुन्हा तीच गत. किल्ली फिरवली की डॅशबोर्डवरचे दिवे मलूल व्हायचे आणि आतून नुसती टिकटिक यायची.

गावात निदानाला तोटा नसतो. सोसायटीच्या कट्ट्यावर दुपारपर्यंत कारणांची रास पडली. एक म्हणाला थंडी. दुसरा म्हणाला उंदीर. ऊसतोड सुरू झाली की फडातले उंदीर ऊब शोधत बोनेटमध्ये शिरतात आणि वायरी कुरतडतात. यात खोटं काही नाही. तिसऱ्यानं बॅटरीच डुप्लिकेट ठरवली. एका म्हाताऱ्यांनी हँडल मारून सुरू होणाऱ्या जुन्या जीपची आठवण काढली आणि आताच्या गाड्यांत राम राहिला नाही असा निकाल दिला. चार्ल्स केटरिंगनं काढलेला विजेचा स्टार्टर १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक गाड्यांना बसला, तेव्हापासून हँडल मागं पडत गेलं आणि गाडीचा जीव बॅटरीत जाऊन बसला. म्हणजे म्हाताऱ्यांची तक्रार तशी शंभर वर्षं जुनी होती. त्यांना ते सांगायला कोण जाणार?

सगळ्यात वजनदार ठरलं ते सेक्रेटरींचं मत. "अण्णा, गाडी पुरातली असणार तुमची."

यावर कट्टा गप्प झाला. कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा या चार नद्यांचा हा शिरोळ तालुका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाण्यानं वेढा घातला तेव्हा ज्यांना वेळ मिळाला त्यांनी गाड्या जयसिंगपूरला उंचावर नेऊन लावल्या. ज्यांना मिळाला नाही त्यांच्या गाड्या सीटपर्यंत बुडाल्या, काहींच्या टपापर्यंत. अशा गाड्या पुढं धुऊनपुसून जुन्या बाजारात उभ्या राहतात, हे इकडं शेंबड्या पोराला माहीत आहे. वरून चकाचक, आणि आत वायरींच्या जोडांवर हिरवा गंज. अण्णांनी गाडी पुरानंतरच घेतली होती, सांगलीतून, जुनीच. त्यांच्या पोटात गोळा आला.

पण पुराला दारात उभं करून जाब विचारता येत नाही. बारक्याला येतो.

बारक्या म्हणजे अण्णांच्या धाकट्या भावाचा मुलगा. बाप गेल्यापासून याच घरात वाढलेला. कॉलेजात मन रमलं नाही, पण हात गाडीवर चांगला बसलेला. काकडी-टोमॅटोचे क्रेट बाजारात पोचवायचे, आजीला मिरजेला दवाखान्यात न्यायचं, पाहुण्यांना नरसोबाच्या वाडीला दर्शनाला घेऊन जायचं, ही सगळी कामं त्याची. पोरगा वाईट नव्हता. फक्त एकवीस वर्षांचा झाला होता, आणि भाऊ जाऊन इतकी वर्षं झाली तरी सातबाऱ्यावर वारसांची नावं लागलेली नव्हती. ती लावायची ती अण्णांनी, आणि अण्णांना सवड मिळत नव्हती. ज्याचं देणं आपल्याकडं थकलंय त्या माणसाचा प्रत्येक शब्द खोचक वाटायला लागतो, तसं अण्णांचं झालं होतं. पोरगं गप्प बसलं तर मनात काहीतरी शिजतंय, बोललं तर कुणीतरी शिकवलंय.

आजीची मिरजेची तारीख होती त्या दिवशी गाडी तिसऱ्यांदा अडली. आजी नेसून-सवरून, पिशवीत फाइल घेऊन ओट्यावर बसलेली. अण्णांनी किल्ली फिरवली. टिकटिक. ते गाडीतून उतरले ते थेट अंगणाच्या मध्यावर येऊन उभे राहिले.

"रातभर गाडीत गाणी ऐकत बसतोस आणि सकाळी आम्ही धक्के मारायचे व्हय रं?"

"मी न्हाई बसत अण्णा."

"मग बॅटरी काय भूत खातंय?"

शेजारचे दोघे धक्क्यासाठी आलेच होते, ते भिंतीकडं बघायला लागले. बारक्यानं काही उलट उत्तर केलं नाही. खिशातली दुसरी किल्ली काढली, ओट्यावर आजीच्या फाइलीशेजारी ठेवली, आजीसाठी शेजाऱ्याची रिक्षा बोलावली, तिच्याबरोबर मिरजेला जाऊन आला आणि संध्याकाळी इचलकरंजीची एसटी धरली. तिथं त्याच्या मामाच्या ओळखीनं एका यंत्रमागाच्या शेडमध्ये कांड्या भरायचं काम मिळालं.

घर शांत झालं. गाडी मात्र सुधारली नाही. उलट बारक्या नसल्यामुळं ती जास्त वेळ उभी राहायला लागली, आणि जास्त वेळ उभी राहिली की जास्त लवकर झोपायला लागली. अण्णांनी गाणी बंद ठेवली, दिवे दोनदा तपासले, डिकीचं झाकण दाबून बघितलं, रात्री स्वतः कुलूप लावून किल्ली उशाखाली घेतली. चौथ्या दिवशी टिकटिक. दुकानदारानं नवी बॅटरी तपासून दिली: बॅटरीत काही दोष नाही. आता आरोपी घरात नव्हता आणि चोरी चालूच होती.

अशा वेळी माणूस एक तर आरोप मागं घेतो, नाही तर दुसरा आरोपी शोधतो. अण्णा म्हणाले, "त्यानं जाताना कायतरी करून ठेवलंय."

अण्णांच्या पत्नी, म्हणजे वहिनी, भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "पाणी चढलं की अलमट्टीचं धरण, गाडी अडली की बारक्या. तुमचं ठरलेलंच असतंय. एकदा मोजून बघा की कुणाकडनं तरी."

वहिनींचं माहेर कुरुंदवाडचं, मशिदीत गणपती बसवायची रीत असलेलं गाव. तिथल्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनला त्या लहानपणापासून चाचा म्हणत. त्यांनीच माहेरी फोन लावला.

चाचा आले ते मोटारसायकलवरून, मागं पत्र्याची पेटी बांधून. त्यांनी पहिल्या दिवशी काहीही शोधलं नाही. बॅटरीच्या दोन टोकांना मीटर लावला. ११.८ व्होल्ट.

"भरल्याली असती तर १२.६ दावलं असतं. १२.२ म्हंजे अर्धी. ही पार तळाला गेलीया."

जंपर लावून गाडी सुरू केली आणि पुन्हा मोजलं. १४.२. चाचांनी मान हलवली. "अल्टरनेटर बेस भरतोय. म्हंजे कमाईत खोट न्हाई. गाडी उभी असताना खर्च कोण करतंय, ते बघाय पायजे." मग त्यांनी एकच प्रश्न विचारला. "त्रास दिवाळीपासनं ना? त्याच्या आधी गाडीला काय नवीन बसवलं हुतं? टेप, कॅमेरा, लायटी, कायबी?"

"काय न्हाई," अण्णा म्हणाले.

चाचांनी बॅटरी उतरवली, रात्रभर चार्जिंगला लावायला घेऊन गेले. रिकामी बॅटरी घेऊन गळती शोधण्यात अर्थ नसतो आणि तिला तशीच ठेवणंही बरं नसतं. शिशाच्या बॅटरीची खोड अशी की ती रिकामी पडून राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेटचा थर कडक होऊन बसतो आणि नंतर कितीही भरा, ती पहिल्यासारखी भरत नाही. फ्रान्समध्ये गास्तों प्लांते यानं १८५९ साली शिशाचे पत्रे आणि सल्फ्युरिक ॲसिड घेऊन ही बॅटरी बनवली. गाड्या कुठल्या कुठं गेल्या, बोनेटखालचं हे रसायन मुळात तेच राहिलं आणि त्याची खोडही. अण्णांनी तीन वर्षांची म्हणून वजनावर घातलेली जुनी बॅटरी म्हातारी होऊन मेली की रोज उपाशी ठेवून मारली गेली, हे आता कुणी सांगू शकणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांनी भरलेली बॅटरी बसवली आणि अंगणात आपला संसार मांडला. बोनेट उघडं. ड्रायव्हरच्या दाराची काच खाली. दार उघडंच, पण त्याच्या कडेच्या कुलपाची जीभ स्क्रू ड्रायव्हरनं दाबून बसवली, म्हणजे गाडीला वाटावं दार लागलं. किल्ली वहिनींच्या हातानं पार स्वयंपाकघरात, डब्यांच्या मागं. मग बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवली आणि तार व टर्मिनल यांच्या मध्ये मीटर जोडला, दहा अँपिअरच्या सॉकेटला. आता गाडीत जो काही करंट जाईल तो मीटरमधून मोजूनच जाणार.

"आता कुणी दार हलवायचं न्हाई. किल्ली लावायची न्हाई. चुकून सेल्फ मारला तर माझ्या मीटरचा फ्यूज गेला म्हणून समजा."

मीटरवर आकडा उठला. २.८.

"सापडलं!" अण्णा म्हणाले. "पावणेतीन अँपिअर!"

"ती जागी हाय अजून," चाचा म्हणाले, आणि ओट्यावर जाऊन बसले. "चहा टाका वहिनी."

आजच्या गाडीचं असं असतं. आपण कुलूप लावून घरात जातो, पण तिच्या आतले छोटे छोटे मेंदू लगेच झोपत नाहीत. दाराचा मेंदू, इंजिनाचा मेंदू, कुलपाचा मेंदू, एकेक जण आपलं काम आटपून डोळे मिटतो, आणि सगळे झोपेपर्यंत वीस मिनिटं, अर्धा तास, काही गाड्यांत त्याहून जास्त वेळ जातो. पहिल्या पाच मिनिटांत जो आकडा दिसतो त्यावरून निकाल देणारे मेकॅनिक पुष्कळ आहेत. त्यांच्याकडून लोक हजारोंचे पार्ट बदलून घेऊन येतात.

आकडा ०.७ वर आला, बराच वेळ तिथं रेंगाळला. अण्णा दोनदा उठले, दोनदा चाचांनी हातानं बसवलं. चहा झाला, आजीनं तिच्या मिरजेच्या डॉक्टरची सगळी कथा सांगून झाली. शेवटी आकडा खाली घसरला आणि एका जागी थांबला. ०.२३.

"ही तिची झोप," चाचा म्हणाले. "झोपेत पॉइंट शून्य तीन, शून्य चार खाणारच. घड्याळ चालू ठेवायचं असतंय, कुलूप ऐकायचं असतंय. पॉइंट शून्य पाचच्या वर गेलं की मग शोधायचं. ही तेवीस खातीया."

अण्णांच्या खिशातल्या ऊस वजनाच्या पावतीमागं त्यांनी पेन्सिलीनं हिशेब मांडला. ०.२३ गुणिले चोवीस तास, रोजचे साडेपाच अँपिअर-तास. बॅटरी पस्तिसाची. चार दिवसांत बावीस गेले. त्यात अण्णांचा प्रवास कुठला, तर शेत आणि जयसिंगपूर. एवढ्या फेरीत गेलेलं भरून निघत नाही. थंडीच्या सकाळी उरलेल्यात सेल्फ कसा फिरणार?

पावती अण्णांनी दोनदा वाचली. इतके दिवस घरात ज्यावरून भांडण चाललं होतं ते एका ओळीत बसलं होतं.

मग फ्यूज काढायचं काम सुरू झालं. चाचा एकेक फ्यूज चिमट्यानं उपसत आणि वहिनी मीटरसमोर पाटावर बसून आकडा सांगत.

"तेवीस."

हॉर्न. "तेवीसच."

आतला दिवा. "तेवीस."

दारांची कुलपं. "तेवीस वो चाचा."

टेपचा फ्यूज निघाला. "बावीस झाले!"

चाचा हसले. "हे बारक्याचं गाणं. पॉइंट शून्य एक. ते बी टेप बंद असताना, घड्याळ नि चॅनेल ध्यानात ठेवाय." त्यांनी फ्यूज परत दाबून बसवला. "आणि ह्या गाडीत किल्ली फिरवल्याबिगर गाणं लागतच न्हाई."

अण्णा गोठ्याकडं बघत होते. म्हशीला काहीतरी झाल्यासारखं.

सगळे फ्यूज संपले आणि आकडा जागचा हलला नाही. चाचांनी पायाखालची मॅट उचलली, कार्पेटच्या कडा सोडवून हात घातला, सीटच्या रुळांवरून बोट फिरवलं, सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढून बघितला. गाळाचा कण नाही, रुळांना गंज नाही, बेल्टवर पाण्याची रेघ नाही. "ह्या गाडीनं पूर बघितल्याला न्हाई," त्यांनी जाहीर केलं. सेक्रेटरींचा तर्क गेला. मग बॅटरी सोडवून अल्टरनेटरची जाड तार वेगळी केली. आतला डायोड फुटला तर बॅटरी रात्रभर उलटी अल्टरनेटरमध्ये रिकामी होते आणि तो रस्ता फ्यूजबॉक्समधून जात नाही. पुन्हा मीटर जोडला, पुन्हा गाडीची झोप लागेपर्यंत थांबले. तेवीस. अल्टरनेटरही सुटला.

चाचा हात पुसत अण्णांसमोर उभे राहिले. "अण्णा, पुन्हा इचारतो. बाहेरनं काय बसवलंय का?"

"सांगितलं की एकदा, न्हाई म्हणून."

चाचांनी पुढं विचारलं नाही. चाळीस वर्षं गाड्या उघडणाऱ्याला माणसंही थोडीफार उघडता येतात, आणि मिटूही देता येतात. ते पुन्हा बोनेटमध्ये वाकले. यावेळी मीटरकडं न बघता नुसतं वायरींवरून बोट फिरवत गेले. कंपनीच्या वायरींना कापडासारखी काळी पट्टी गुंडाळलेली असते, वर्षानुवर्षांच्या धुळीनं करडी पडलेली. बॅटरीकडून येणाऱ्या जाड जुडग्यावर एका ठिकाणी वीतभर पट्टी चकचकीत होती. प्लॅस्टिकची, नवी, इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते ती. तिच्या खालून एक बारीक लाल वायर निघून रबराच्या भोकातून गाडीच्या आत गेली होती.

चाचा ड्रायव्हरच्या सीटखाली पाठीवर झोपले आणि हात स्टेअरिंगच्या मागं घातला. थोड्या वेळानं त्यांचा आवाज आला.

"वहिनी, इकडं या. बोट द्या."

वहिनींनी वाकून हात आत नेला. चाचांनी त्यांचं बोट धरून कशावर तरी टेकवलं. काडेपेटीच्या निम्म्याएवढा एक चौकोनी तुकडा.

"अगं बया, गरम हाय की!"

कडाक्याची थंडी. गाडी आदल्या दिवसापासून सुरू झालेली नाही. बोनेट गार, इंजिन गार, सीट गार, आणि या एवढ्याशा तुकड्याला माणसाच्या अंगाइतकी ऊब होती.

"रिले," चाचा म्हणाले. "ह्यो जागा हाय. दिवस-रात जागा हाय." त्यांनी आणखी थोडं ओढलं, तसा मागून एक काळा डबा लोंबकळत आला. त्याच्यावर हिरवा ठिपका लुकलुकत होता. आत सिम कार्ड. गाडी कुठं आहे ते मोबाइलवर दाखवणारा ट्रॅकर, आणि त्याला जोडलेला हा रिले, गाडी लांबूनच बंद पाडता यावी म्हणून.

चाचांनी सगळं सोडवून ओट्यावर मांडलं आणि वहिनींना समजावलं. वहिनी विचारत होत्या म्हणून. अण्णा विचारत नव्हते. डबा स्वतः फार खात नाही, पॉइंट शून्य पाच-सहा. रिलेच्या आत तारेचं एक वेटोळं असतं, ते खातं पॉइंट पंधराच्या घरात. चांगला फिटर असेल तर रिले अशा टोकांना जोडतो की एरवी वेटोळं झोपलेलं राहतं आणि गाडी आपोआप चालते. मालकानं गाडी अडवायचा हुकूम दिला तरच ते जागं होतं.

"अडवायचं असंल तवाच ताकद लागावी, अशी जोडणी करायची असती. ह्या गड्यानं उलटी केलीया. ह्यात सोडायलाच ताकद लागती. गाडीला 'जा' म्हणाय ह्यो चोवीस तास दम लावून हुबा. गाडी उभी असली तरी."

"आणि हे बसवलं कुणी?" वहिनींनी विचारलं.

चाचा पेटीतली पक्कड शोधायला लागले. "फिटर उलट्या डोक्याचा हुता," ते म्हणाले.

वहिनींनी अण्णांकडं बघितलं नाही. नुसता हात पुढं केला. "फोन."

अण्णांनी नवरात्रात, सांगलीला बियाणं आणायला जातो म्हणून, गाडी एका दुकानात नेली होती. त्या दिवसापासून रोज रात्री जेवणं झाली की ते खाटेवर आडवे होऊन मोबाइलमध्ये नकाशा बघत. नकाशावरचा ठिपका शेतात असायचा, बाजारात असायचा, मिरजेला दवाखान्यासमोर असायचा, वाडीला देवळाजवळ असायचा आणि अंधार पडला की या अंगणात असायचा. संशयाला महिनाभरात एकही पुरावा मिळाला नव्हता. त्यामुळं अण्णांचा संशय कमी झाला असं नाही. पोरगं हुशार आहे, एवढंच त्यांनी त्यातून काढलं.

वहिनींना नकाशा कळला नाही. पण खाली एक यादी होती. तारीख, वेळ, आणि गाडीची किल्ली फिरवलेली आहे की नाही. इंग्रजी दोनच शब्द होते आणि ते प्रत्येक पंख्याच्या बटणावर असतात. आजीची मिरजेची तारीख त्यांच्या ध्यानात होती. त्या दिवसावर बोट नेऊन आदल्या रात्रीपासून त्या मोठ्यानं वाचत गेल्या.

"नऊ वाजता ऑफ. दहाला ऑफ. बाराला ऑफ. दोनला ऑफ. चारला ऑफ." त्या थांबल्या. "म्हंजे त्या सकाळी तुमच्या खिशातच हुतं हे."

आजीला कमी ऐकू येतं, पण तेवढं ऐकू आलं.

चाचांनी बॅटरीची तार पुन्हा मीटरमधून जोडली. अर्ध्या तासानं आकडा ०.०३ वर येऊन बसला. मग त्यांनी पेटी आवरली, मजुरी सांगितली आणि डबा व रिले हातात घेऊन अण्णांना विचारलं, "ह्याचं काय करायचं? सरळ जोडून परत बसवू शकतो. मग गाडी रोज सुरू हुईल, तरास कायबी न्हाई. का काढूनच ठेवू?"

बिघाड दुरुस्त करायचा एक सोपा रस्ता होता, आणि तो अण्णांना दिसला हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. गाडी चालू राहील, डबाही राहील.

"त्याला इचारू," वहिनी म्हणाल्या. "गाडी चालवणार त्यो."

इचलकरंजीत त्या शेडमध्ये शिरल्यावर अण्णांना पहिल्यांदा कळलं की इथं हळू बोलायची सोय नाही. साध्या मागांची खटखट अशी की शेजारच्या माणसाशी बोलायलाही ओरडावं लागतं. घरून निघताना त्यांनी दोन-तीन वाक्यं जुळवून ठेवली होती, खालच्या आवाजात बोलायची. बारक्या कोपऱ्यात कांड्या भरत होता, केसांवर कापसाची पांढरी लव.

"गाडीतला बिघाड सापडला!" अण्णा म्हणाले.

"काय?"

"बिघाड! सापडला!"

"कशात हुता?"

अण्णांनी मागं बघितलं. वहिनी दारातच उभ्या राहिल्या होत्या, मुद्दाम. "मी यंत्र बसवलं हुतं!" अण्णा ओरडले. "तुझ्यावर नजर ठेवाय! तेच बॅटरी खात हुतं!"

पलीकडच्या मागावरच्या दोघांनी माना वळवल्या. बारक्यानं हातातली कांडी खाली ठेवली. त्याच्या चेहऱ्यावर राग आला नाही, आनंदही झाला नाही. त्यानं दोघांना बाहेर चहाच्या गाड्यावर नेलं, तीन चहा सांगितले आणि पैसेही त्यानंच दिले. अण्णांनी चाचांचा प्रश्न त्याच्यापुढं ठेवला: काढायचं का ठेवायचं.

"ठेवा की," बारक्या म्हणाला. "पण मग दोन घ्या. एक गाडीला, एक तुमच्या बुलेटला. आणि दोन्हीचा फोन काकीकडं."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. अण्णा चहाच्या ग्लासात बघत राहिले. "त्यापेक्षा नगंच ते," शेवटी म्हणाले. "काढूनच ठेवलंय, तसंच राहू दे."

"आणि तलाठ्याकडची वारसाची नोंद?" वहिनींनी विचारलं. "ती बी राहू दे का तशीच?"

अण्णांनी सोमवार सांगितला. बारक्यानं कुठला सोमवार ते विचारून घेतलं, तारखेसकट. हप्त्याचा पगार हातात पडल्याशिवाय काम सोडणार नाही, मालकाला तसा शब्द दिलाय, तोवर आजीला रिक्षानं न्या, आणि गाडी दोन दिवसांआड एकदा तरी लांब फिरवून आणा, बॅटरी पुरती भरू दे, असं सांगून तो पुन्हा आत कांड्या भरायला गेला.